छायाचित्रण नव्हे, प्रतिमांकन

घाटकोपरहून प्रश्न आलाय: एका तपासणी केंद्राच्या पाटीवर 'डिजिटल इमेजिंग'साठी 'अंकीय छायाचित्रण' लिहिलंय, ते बरोबर का? की 'अंकात्मक' हवं?

'छायाचित्रण' साफ चूक. परळच्या रुग्णालयांच्या आसपास हा शब्द वाचला की दर वेळी डोकं फिरतं. कॅमेऱ्याच्या फोटोला छायाचित्र म्हणणं रूढ आहे, त्याबद्दल वाद नाही. एक्स-रेला तर तो फोटोपेक्षाही शोभतो. हाडं किरण अडवतात आणि फिल्मवर उमटते ती खरोखर सावलीच. पण एमआरआयमध्ये कसली छाया? तिथे शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारे रेडिओसंकेत टिपतात. सोनोग्राफीत तर ध्वनीचे पडसाद. काही परिभाषाकार 'प्रतिबिंबन' पुढे करतात. एमआरआयच्या यंत्रात आरसा कुठे बसवलाय, ते त्यांनी दाखवावं.

शब्द घरातच आहे: प्रतिमा. मूर्ती, लोकांच्या मनातली छबी हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडा. धातू बघा! प्रति + मा, आणि 'मा' म्हणजे मोजणे. मान, मात्रा, प्रमाण, उपमा ही सगळी त्याच धातूची लेकरं. प्रतिमा म्हणजे मूळ वस्तूशी ताडून, मोजून घडवलेली दुसरी. संगणकही हेच करतो. 1957 साली अभियंते रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून संगणकात घेतला. 176 गुणिले 176 ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा उजेड मोजायचा आणि काळा की पांढरा ते ठरवायचं. आणि हे घडलं कुठे? अमेरिकेत वजनमापांची मानकं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेत! 1971 साली लंडनमध्ये रुग्णाचं पहिलं सीटी स्कॅन झालं, तिथेही तेच. सीटीचा शोध लावणाऱ्या हाउन्सफिल्ड यांची मोजपट्टी कुठला पदार्थ किरण किती अडवतो ते सांगते: पाणी शून्य, हवा उणे 1000. आधी आकडा येतो, राखाडी छटा त्यानंतर.

म्हणून माझा आग्रह 'प्रतिमांकन'चा. अंक म्हणजे आकडा, तशीच खूणही. सशाची खूण ज्याच्या अंगावर तो शशांक. मोजणं, उमटवणं आणि आकडा, तिन्ही एका शब्दात बसले. मग 'अंकीय' की 'अंकात्मक' हा घोळ हवाच कशाला? पाटीवर 'प्रतिमांकन केंद्र' एवढंच लिहा. एक्स-रेच्या खोलीवर 'छायाचित्र' खुशाल राहू दे.