इंजिन चालू असताना विमान कसं कोसळतं?

लहान विमान एका घराभोवती कमी उंचीवर घिरट्या घालत होतं, इंजिनाचा आवाज शेवटपर्यंत येत होता, मग एकदम एक पंख खाली गेला, ते नाकावर आपटलं आणि त्यातले दोघंही गेले. तुम्ही विचारताय, इंजिन ठीक असताना हे कसं झालं. चौकशीआधी ठाम निष्कर्ष काढू नये, पण हे वर्णन स्टॉल (पंखांची उचल ढासळणं) आणि स्पिन (त्यानंतर गिरक्या घेत खाली पडणं) यांच्याशी जुळतं. स्टॉलचा इंजिनाशी थेट संबंध नाही. पंख समोरून येणाऱ्या हवेशी फार मोठा कोन करू लागला की उचल ढासळते.

वळणात हा कोन नकळत वाढतो. सरळ उड्डाणात 50 नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किमी) स्टॉल होणारं विमान उंची राखत 45 अंश बँक केली, म्हणजे बाजूला कलवलं, तर सुमारे 59 नॉटला स्टॉल होतं आणि 60 अंशांना 71 नॉटला. म्हणजे 65 नॉटचा वेग सरळ जाताना पुरेसा असतो, पण तीव्र वळणात तोच जीव घेतो.

त्यात वारा फसवतो. 15 नॉट वारा पाठीशी आला की 65 नॉटचं विमान जमिनीवरून 80 नॉटने धावतं. इतक्या खालून तो वेग जास्तच वाटतो आणि हात थ्रॉटल मागे घेतो, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी करतो. समोरचा वारा पाठीशी घेत वळताना विमान आत घसरतंय असंही वाटतं, म्हणून वळणाच्या आतल्या बाजूचा रडर (पायाने चालवायचं शेपटीचं सुकाणू) जास्त दाबला जातो. आता बँक वाढू लागते. ती रोखायला उलटा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) दिला की आतल्या पंखाचा एलेरॉन खाली येतो, त्या पंखाचा कोन आणखी वाढतो आणि तोच आधी स्टॉल होतो. विमान वळणाच्या आतच उलटतं. नाक खाली गेलेलं दिसताच माणूस योक (विमानाचं हँडल) मागे ओढतो, हे अगदी स्वाभाविक आहे. पण त्यानेच स्पिन पक्का होतो.

सेसना 172 या लहान विमानात एका फेऱ्याचा स्पिन आणि त्यातून सावरणं मिळून साधारण 1,000 फूट उंची जाते. 400 फुटांवर सावरण्याची पद्धत तोंडपाठ असून काय करणार?

म्हणून जमिनीवरचं काही बघायचं असेल तर किमान 1,000 फूट उंची ठेवा (मी त्याहून जास्तच म्हणेन), बँक 30 अंशांच्या आत, वेग स्टॉलच्या किमान दीडपट आणि विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणाऱ्या उपकरणातला चेंडू मध्यभागी. खाली बघायचं काम दुसऱ्याला द्या. स्टॉलचा इशारा वाजला तर आधी योक पुढे सोडा, मग पॉवर द्या, आणि त्यानंतर पंख सरळ करा. नजर घरावरून काढून क्षितिजावर न्या. घर पुन्हा बघायला मोठा वळसा घेऊन परत येता येतं.