उतारशाळा, गव्हाण आणि 'पहिली' नावनिशी

नाताळच्या नाटुकल्याची संहिता लिहायला घेतलेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. लूकच्या शुभवर्तमानात (२:७) बाळाला गव्हाणीत ठेवलं, कारण 'उतारशाळेत' जागा नव्हती. मत्तयाकडे (२:११) मात्र मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, 'घरात' जाऊन बाळाला भेटतात. मग गोठा खरा की घर? शिवाय लूक २:२ मधल्या 'पहिली नावनिशी'तल्या (नावनिशी म्हणजे शिरगणती) 'पहिली'चा अर्थ 'आधीची' असा घेतला की सालांचा घोळ मिटतो म्हणतात, ते बरोबर का?

पहिल्या प्रश्नातला निम्मा घोळ भाषांतराने केलेला आहे. दुसऱ्यातला मुळातच आहे, आणि शब्दाची ओढाताण करून तो मिटत नाही, असं माझं मत.

उतारशाळेपासून सुरुवात करू. लूकचा ग्रीक शब्द आहे 'कतालुमा'. तो ज्या क्रियापदावरून आला त्याचा मूळ अर्थ सोडणं, मोकळं करणं. वाटसरूने जनावराच्या पाठीवरचं ओझं सोडलं, की तिथे त्याचा मुक्काम. आपण 'उतरणे' हे क्रियापद याच वाटेने नेलं आहे. आधी घोड्यावरून उतरायचं, गाडीतून उतरायचं. मग 'पुण्यात कुठे उतरलात?' असं विचारायचं. त्याचं उत्तर 'लॉजवर' असं येईल, तसंच 'मावशीकडे' असंही येईल. कतालुमा तितकाच ऐसपैस आहे. म्हणजे 'उतारशाळा'मधलं 'उतार' अगदी चोख बसलं, घात केला तो 'शाळा'ने. ती आली की धर्मशाळा डोळ्यांपुढे उभी राहते, धर्मशाळेमागून तिचा मालक येतो आणि मालक आला की तो दार लावून घेतोच. लूकच्या वाक्यात मालक नाही, दार नाही, कुणाला हाकलणंही नाही.

पैसे देऊन राहायच्या जागेला वेगळा शब्द लूकला ठाऊक होता. येशूच्या दृष्टांतातला शोमरोनी माणूस जखमीला उचलून नेतो (१०:३४) ती जागा 'पांदोखेयोन', येईल त्याला घेणारी. तिथे मालकही आहे आणि त्याच्या हातात दोन दिनारही पडतात. उलट २२:११ मध्ये, शेवटच्या भोजनाच्या आधी, येशू शिष्यांना एका घरधन्याकडे ज्या खोलीची विचारणा करायला पाठवतो, ती पुन्हा 'कतालुमा'. तो शब्द लूक एवढ्या दोनच वेळा वापरतो. दुसऱ्या वेळी ती कुणाच्या तरी घरातली जागा असेल, तर पहिल्या वेळीही तसंच वाचायला हरकत नसावी. नातलगांच्या घरी पाहुण्यांच्या खोलीत जागा उरली नव्हती, एवढंच. सगळे अभ्यासक हे मानतात असं नाही, पण मला हे वाचन पटतं.

'मग गव्हाण घरात कशी?' हा प्रश्न शहरातल्या माणसाला पडेल. त्या काळच्या पॅलेस्टाइनमधल्या साध्या घरांत खालच्या अंगाला जनावरं आणि थोड्या उंचवट्यावर माणसं, अशी रचना असे. देशावरची जुनी शेतकरी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यात नवल नाही. उंबरा ओलांडला की एका अंगाला बैल बांधलेले, दुसऱ्या अंगाला सोपा. रात्री अंथरुणावरून बैलांचा रवंथ ऐकू यायचा. अशा घरात तान्ह्या बाळासाठी गव्हाणीतला कडबा म्हणजे चांगली उबेची, चहूबाजूंनी बंद जागा. गव्हाण शब्दही किती नेमका! संस्कृत 'गवादनी', म्हणजे गाईगुरांची खायची जागा, तिच्यापासून तो घडत आला. ग्रीक 'फात्ने'ला मराठीने दिलेला हा प्रतिशब्द मला पूर्ण पसंत आहे.

जाता जाता, 'गोठा' हा शब्द या कथेत दोघांकडेही नाही. बैल आणि गाढवही नाहीत. ते यशयाच्या पुस्तकातून (१:३) येऊन चित्रांत उभे राहिले. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात देखावा केला तेव्हा खरेखुरे बैल आणि गाढव आणले होते. वसईकडे नाताळच्या देखाव्याला गोठाच म्हणतात, आणि तो शब्द आता बदलायचं कारणही नाही. फक्त त्या गोठ्यात मेंढपाळ आणि तीन राजे खांद्याला खांदा लावून उभे असतात. मेंढपाळ एकट्या लूकचे, मागी एकट्या मत्तयाचे, आणि मागी तीन होते असं मत्तय कुठेच म्हणत नाही. ते त्याच रात्री आले असंही तो म्हणत नाही. राजा हेरोद दोन वर्षांपर्यंतची मुलं मारायला सांगतो, त्यावरून मध्ये बराच काळ गेला असावा. तेव्हा लूकची गव्हाण आणि मत्तयाचं घर यांत भांडण लावायची गरज नाही.

पण म्हणून सगळंच जुळतं असं मी म्हणणार नाही. लूककडे चाळीस दिवसांचं शुद्धीकरण आटोपून कुटुंब नासरेथला, 'आपल्या गावी' परततं. मत्तयाकडे ते बेथलेहेमातून मिसरात पळतं, आणि पुढे हेरोदाचा मुलगा अर्खेलाव याच्या भीतीने नासरेथला नव्याने बिऱ्हाड करतं. इथे कोणताही कोश उपयोगी पडत नाही.

आता 'पहिली'. अडचण अशी की दोन्ही शुभवर्तमानांत जन्म हेरोदाच्या काळातला, आणि हेरोद वारला तो बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स.पू. ४ मध्ये. लूक मात्र जन्म ज्या नावनिशीच्या वेळी सांगतो ती सूरियाचा रोमन सुभेदार क्विरीनिय याची, आणि त्याची यहूदियातली नावनिशी यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो ती इ.स. ६ ची. मध्ये जवळजवळ दहा वर्षं. यावर तोड अशी सुचवतात, की ग्रीक 'प्रोते' म्हणजे 'पहिली' नव्हे, 'च्या आधीची' समजा.

वऱ्हाडी माणसाला ही युक्ती ताबडतोब कळेल. 'दिवाईच्या पयले ये' म्हणजे दिवाळीच्या आधी ये. पहिला आणि आधी हे अर्थ एकाच शब्दात सुखाने नांदतात. ग्रीकमध्येही नांदतात, योहान १:१५ मध्ये 'प्रोतोस मू' म्हणजे 'माझ्या आधी'. पण गंमत बघा, वऱ्हाडीत 'आधी' हा अर्थ निघतो तो मागच्या 'च्या'मुळे. 'दिवाईच्या पयले' आणि 'दिवाई असताना पयली' या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. ग्रीकमध्ये या दोन्ही कामांना षष्ठीच लागते, म्हणून घसरायला वाव मिळतो. मात्र लूकच्या वाक्यात षष्ठीत नुसतं नाव नाही, सोबत 'कारभार पाहत असताना' अशा अर्थाचं धातुसाधितही आहे. अशी जोडी आली की ग्रीक वाचणारा सरळ 'क्विरीनिय सूरियाचा कारभार पाहत असताना' असंच वाचतो. मराठी भाषांतरानेही तसंच वाचलं आहे आणि ते योग्य आहे. सालं जुळवायची नसती तर 'आधीची' हा अर्थ सहसा कुणाला सुचला नसता.

राहिलं तुमचं नाटुकलं. उतारशाळेच्या मालकाचं काम मिळालेल्या मुलाला काढू नका, हिरमुसेल. त्याला घरधनी करा आणि दार लावण्याऐवजी म्हणू दे, 'पाहुण्यांची खोली तर भरली, पण आत या. गव्हाणीजवळ ऊब आहे.'