वटवाघळांना गुहेतून हलवायला योग्य महिना कोणता?

तुम्ही विचारलंय की गोव्यातल्या तुमच्या बागायतीच्या वरच्या अंगाला घळ आहे, तिच्यातली वटवाघळं पेरू-केळी खातात. ती वर्षभर तिथेच राहतात का, पिल्लं कधी होतात, आणि जास्त हानी न करता त्यांना कायमचं हलवायचं तर कोणता महिना बरा?

महिना नाही. बाकीचं सांगते, पण हे आधी घ्या.

फळं खाणारी वटवाघळं आपल्याकडे मुख्यतः तीन तऱ्हेची दिसतात. वड-पिंपळावर उघड्यावर लटकणारं मोठं वाघूळ. माडा-पोफळीच्या चुडतांत दोन-चार मिळून राहणारं आखूड नाकाचं. आणि गुहेत राहणारं तिसरं, शास्त्रीय नाव रूसेटस लेशेनॉल्टी. पिंगट तपकिरी, मोठ्या डोळ्यांचं, इवलीशी शेपटी असलेलं. तुमचं बहुधा हेच.

हे गुहेत राहू शकतं ते जिभेमुळे. मोठ्या वाघळाचा सगळा भरवसा डोळ्यांवर, गुडुप अंधारात ते अडखळेल. किडे खाणारी वटवाघळं घशातून बारीक आवाज काढून प्रतिध्वनीवर वाट शोधतात. हे तिसरं जीभ टकटक वाजवतं आणि त्या प्रतिध्वनीवर भिंत कुठे, कपार कुठे ते ओळखतं. म्हणून गुहा, पडकी घरं, वापरात नसलेली भुयारं आणि विहिरी त्याला मोकळ्या. कुठे पाच-पन्नास, कुठे हजारोंनी, एकमेकांना खेटून. फळांचा हंगाम आणि माणसांचा उपद्रव बघून जागा बदलतात, पण चांगली जागा सहसा सोडून देत नाहीत. वर्षभर तिथेच का, याचं एवढंच उत्तर.

आता पिल्लं. ए. गोपालकृष्ण आणि चौधरी यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९७७ मध्ये या जातीच्या विणीचं वेळापत्रक मांडलं. मादी नोव्हेंबरात गाभण राहते, सुमारे सव्वाशे दिवसांनी मार्चमध्ये विते. एकच पिल्लू, जुळं क्वचित. वितल्यावर लगेच पुन्हा गाभण. म्हणजे शिगम्याच्या दिवसांत एक पिल्लू अंगावर पीत असतं आणि दुसरं पोटात. ते दुसरं जुलैअखेर येतं. पिल्लू दोनेक महिने आईवर अवलंबून. मादी पाच महिन्यांत वयात येते, नराला सव्वा वर्ष लागतं. आता बोटांवर मोजा. नोव्हेंबर ते मार्च पोटात, मार्च ते मे अंगावर आणि पोटातही, जून-जुलै पोटात, ऑगस्ट-सप्टेंबर अंगावर. उरला ऑक्टोबर. आणि उंदराच्या मादीला एका खेपेला जेवढी होतात तेवढी पिल्लं व्हायला हिला तीन-चार वर्षं लागतात.

हे सगळं मला कॉलेजात असताना पाठ होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. आमचं कुळागर, म्हणजे पोफळी-केळींची बागायत, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. वर जांभ्या दगडाची घळ, तिच्यात आजीच्या लहानपणापासून वाघळं. एका वर्षी गणेश चवथीच्या तोंडावर माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळांच्या मांडवीसाठी, राखलेले पेरू आणि पिकायला ठेवलेला केळीचा एक घड रात्रीत चावलेला निघाला. काकांचं डोकं फिरलं. गणपतीच्या वर उष्टं बांधायचं का, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो प्रश्न मला आजही रास्त वाटतो. उत्तर मात्र त्यांनी भलतंच काढलं. दोन गडी घेऊन भर दुपारी घळीच्या तोंडाशी ओला पेंढा, सुक्या मिरच्या आणि जुना टायर पेटवला.

माद्या उजेडात बाहेर पडल्या. काहींच्या पोटाला पिल्लं चिकटलेली, तेवढं ओझं घेऊन त्यांना धड उडता येत नव्हतं. जी पिल्लं आया आत ठेवून जाण्याएवढी मोठी झाली होती ती आतच राहिली. बाहेर पडलेल्यांवर कावळे आणि घारी तुटून पडल्या. दुसऱ्या दिवशी घळीतून जो वास सुटला तो खालच्या पाटापर्यंत येत होता, त्या पाटाचं पाणी आम्ही पोफळींना लावतो. मी सोप्यावर उभी राहून काकांना म्हणाले की महिनाभराची पोरं मारलीत तुम्ही, आणि तीही चवथीच्या आठवड्यात. काका एवढंच म्हणाले, "तुजें शिकप तुजेकडेन दवर." तुझं शिक्षण तुझ्यापाशीच ठेव. बाबा गप्प. जमीन सामाईक असली की माणसं फार गप्प राहतात.

आणि फळ काय मिळालं? दसऱ्यानंतर घळीत परत कलकलाट सुरू झाला. पुढच्या चवथीला पुन्हा पेरू चावलेले. पण काकांच्या लेखी तो प्रयोग यशस्वी, कारण ज्या दिवशी ते बघायला गेले त्या दिवशी घळ रिकामी होती. तेव्हापासून घरच्या प्रत्येक लग्नामुंजीत माझी ओळख "आमची वाघळांची वकील" अशी करून दिली जाते. असू दे. वकीलच आहे तर एक पुरावा मांडते.

आमच्या अंगणात एक जुना आंबा आहे. काजूच्या हंगामात त्याच्याखाली रोज सकाळी काजूबिया पडलेल्या असतात. त्या आंब्याच्या आसपास काजूचं एकही झाड नाही. काकी त्या गोळा करते, वाळवते, घरच्या बियांबरोबर विकते. मग त्या येतात कुठून? असं वाघूळ सहसा फळझाडावर बसून जेवत नाही, फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतं, रस चोखतं, चोथा थुंकतं. काजूचा बोंडू चोखून झाला की बी खाली टाकतं. केरळात कादंबरी देशपांडे आणि नचिकेत केळकर यांनी नेमकं हेच लोकांना विचारून नोंदवलं आहे, की वाघळांनी टाकलेल्या काजू आणि सुपाऱ्या माणसं वेचून नेतात. पेरूसारख्या बारीक बिया तर पोटातून थोड्याच वेळात, उडता उडता बाहेर पडतात. सावरीच्या फुलांतला मध प्यायला हीच वाघळं जातात, परागही नेतात. काकांच्या वहीत चावलेला पेरू नावे टाकलेला असतो, काजूबी जमेला कधीच धरलेली नसते. या हिशेबावर मी त्यांच्याशी आजही भांडायला तयार आहे.

शिवाय विकायचं केळं किंवा चिकू आपण झाडावर पिकू देतो का? घड तयार होताच उतरवतो. वाघळाच्या वाट्याला येतं ते झाडावर विसरलेलं किंवा हौसेने राखलेलं. माटोळीचं फळ राखायचं असेल तर त्या घडाला गोणपाट गुंडाळा, पेरूला कापडी पिशवी बांधा. झाडावर जाळं टाकायचं तर बारीक छिद्रांचं आणि घट्ट ताणलेलं टाका. सैल नायलॉनमध्ये वाघळंच काय, घुबडंही अडकून मरतात.

लोकांचा दुटप्पीपणा मला याहून जास्त खुपतो. बारापेड्याच्या गुहेचं नाव निघालं की सगळे हळवे होतात. तिथलं रॉटनच्या नावाचं वटवाघूळ १९१३ मध्ये जगाला कळलं, मोजक्याच ठिकाणी सापडतं, कायद्याने पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. गुहा कर्नाटकात, खानापूर तालुक्यात, पण आपल्या सीमेला लागून, त्यामुळे गोव्यातल्या पर्यावरणाच्या भाषणांत ती हमखास येते. ठीक आहे, यावीच. पण आपल्या घळीतलं साधं वाघूळ? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर आणि कावळ्यांच्या रांगेत, उपद्रवी म्हणून टाकलेली. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीत गेली, १ एप्रिल २०२३ पासून लागू. गावात ही बातमी अजून पोचलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल की मी फक्त त्यांचीच बाजू घेते, तर थोडं दुसरीकडचंही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या नमुन्यांत याच जातीत निपाह या माणसाला जीवघेण्या विषाणूच्या खुणा मिळाल्या. त्यावरून महाबळेश्वर कुणी ओस पाडलेलं नाही, पण चावलेलं फळ खाऊ नका, धुऊनसुद्धा नको. घळीत शिरू नका, खाली पडलेलं पिल्लू उघड्या हाताने उचलू नका, वन खात्याला कळवा. चावलंच तर जखम साबणाच्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि वर दिलेलं विणीचं वेळापत्रक पाऊसपाण्याप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, तेव्हा "ऑक्टोबर मोकळा आहे ना" म्हणून टायर शोधायला जाऊ नका. तोंड बुजवणं तर त्याहून वाईट, आत किडे खाणारीही असतात, ती डांबली जातात.

ही किडे खाणारी लक्षात ठेवा. काही ठरवण्याआधी सकाळी घळीच्या तोंडापाशी खाली काय पडलंय ते बाहेरूनच बघा. फळांचा चोथा आणि बिया दिसल्या तर तुमचा संशय बरोबर. पतंगांचे पंख आणि बारीक काळ्या लेंड्या दिसल्या तर घळीतल्यांनी तुमचा एकही पेरू खाल्लेला नाही. मग माडाच्या चुडतांत बघा, नाहीतर शेजाऱ्याच्या पोरांना विचारा.