झडती कोणाची, शोध कशाचा?

प्रश्न : मी बी.कॉम. झालो आहे. मागच्या महिन्यात एका कंपनीत मुलाखत होती. ‘सध्या काय करता?’ असं इंग्रजीत विचारलं, तर मी ‘आय ॲम सर्चिंग अ जॉब’ असं सांगितलं. समोरचे दोघंही एकमेकांकडे पाहून हसले. भाची म्हणते, ‘लुकिंग फॉर’ म्हणायला पाहिजे होतं. पण नोकऱ्यांच्या वेबसाइटवर बटणावरच ‘सर्च जॉब्ज’ लिहिलेलं असतं! मग माझं चुकलं कुठे?
— एक वाचक, हुडकेश्वर रोड

उत्तर : पत्र हुडकेश्वर रोडवरून यावं आणि प्रश्नही हुडकण्याचाच असावा, हा योग मला भारी आवडला. हसणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. मी तर इंग्रजीची मास्तरीण. १९८७ साली शाळेत रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये ऐटीत म्हणाले, ‘आय ॲम सर्चिंग अ हाऊस इन धरमपेठ.’ मुख्याध्यापक चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, ‘वॉरंट आणलं का, बाई?’ तो टोमणा कळायला मला महालातल्या मावशीच्या घरी पोचावं लागलं.

गोम अशी आहे, की ‘सर्च’च्या लगेच मागे जे येतं ते हरवलेलं नसतं. ज्याच्यात शोधायचं, ज्याची उलथापालथ करायची, ते तिथे येतं. घर, कपाट, खिसा, बॅग. सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनावर शिरताना गार्ड तुमची बॅग तपासतो, खिसे चाचपतो. तिथे ‘द गार्ड सर्चेस मी’. आत ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही मार्गिकांची गर्दी एकत्र होते आणि त्यात मित्र तुम्हाला हुडकत फिरतो. तिथे ‘माय फ्रेंड सर्चेस फॉर मी’. काल बर्डीवर तुला किती शोधलं, हे सांगताना ‘आय सर्च्ड यू’ म्हणालात, तर तुम्ही त्याचे खिसे उलटे केले असा अर्थ झाला! तसंच ‘सर्चिंग अ जॉब’ म्हणजे नोकरीचीच झडती.

मराठीत आपल्याला हे जाणवत नाही, कारण आपलं काम प्रत्यय करतो. ‘कपाटात शोध’ आणि ‘चष्मा शोध’ यांत एका ‘त’नेच निकाल लागतो. इंग्रजीपाशी तो ‘त’ नाही, म्हणून ती ‘फॉर’, ‘इन’, ‘अप’ अशी चिल्लर जवळ बाळगते.

आता त्या बटणाचं. वेबसाइटवाल्यांचंही चूक नाही. त्यांच्याकडे नोकऱ्यांचा ढीग आहे आणि तो ढीग उपसा, असं बटण सांगतं. तिथे ‘जॉब्ज’ हे कपाट आहे. तुम्हाला मात्र कपाट नको, आतला एक सदरा हवा आहे. शिवाय आपण मराठीत बोलताना ‘पत्ता सर्च कर’, ‘गाडी सर्च कर’ म्हणतो आणि तीच सवय इंग्रजीत घेऊन जातो. माझ्या मते निम्मा घोटाळा मोबाइलनेच केला आहे.

भाचीचं बरोबर आहे. ‘सर्चिंग फॉर अ जॉब’ हेही शुद्धच, पण जरा जड. पेंचच्या जंगलात वाट चुकलेल्या माणसासाठी ‘सर्च फॉर’ शोभतं. चष्मा, किल्ली, भाड्याची खोली, नोकरी यांना ‘लुक फॉर’ पुरे.

आणि हे ‘लुक’ काही परकं नाही बरं. आपल्याकडे कोणी विचारलं, ‘काय करून राहिला बे?’ तर पोरगा म्हणतो, ‘नोकरी पाहून राहिलो.’ शोधणं म्हणायच्या जागी पाहणं! स्थळं पाहणं तर घरोघरी चालतं. त्यातही बघा : ‘जोश्यांकडे मुलासाठी मुलगी पाहताहेत’ म्हणजे ‘लुकिंग फॉर’, अजून कोणीच ठरलेली नाही. ‘जोशी आज मुलगी पाहायला गेले’ म्हणजे ‘लुक ॲट’, समोर मुलगी बसली आहे आणि पोहे गार होत आहेत. क्रियापद तेच, पण प्रसंगावरून आपल्याला कळतं. इंग्रज मात्र तेवढ्यासाठी वेगळा शब्द जोडतो. पुढच्या मुलाखतीत मनातल्या मनात ‘नोकरी पाहून राहिलो’ म्हणा, तोंडातून ‘लुकिंग फॉर’च येईल.

एक लक्षात असू द्या. ‘लुक फॉर’मध्ये सापडणं येत नाही, त्याला ‘फाइंड’ लागतं. आणि कोणी खांदे उडवून ‘सर्च मी!’ म्हणालं, तर त्याचे खिसे तपासायला जाऊ नका. ‘मले काय मालूम’ एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : नातीने वहीत ‘लुक अप इट’ लिहिलं, त्यावर बाईंनी लाल रेघ मारली. त्याच पानावरचं ‘लुक अप द वर्ड’ मात्र बरोबर. असं काऊन?
— एक आजी, महाल

उत्तर : आजी, रेघ बरोबर आहे. ‘लुक अप’ म्हणजे जिथे माहिती नोंदलेली असते तिथे जाऊन ती पाहणं, जसं शब्दकोशात शब्द किंवा वेळापत्रकात गाडी. हरवलेला चष्मा ‘लुक अप’ करता येत नाही. हा जोडशब्द फोडता येतो : ‘लुक अप द वर्ड’ चालतं, ‘लुक द वर्ड अप’ही चालतं. पण ‘इट’, ‘देम’ अशी सर्वनामं मधेच बसतात, ‘लुक इट अप’. ‘लुक फॉर’ मात्र कधी फुटत नाही. तिथे ‘लुक फॉर इट’च.

नातीला रागावू नका. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच लिहून ठेवलं, की क्रियापदामागे असे लहान शब्द लागून अर्थ बदलतात आणि परक्यांना सर्वांत जास्त अडचण तिथेच होते.

‘लुक अप’चा आणखी एक अर्थ आहे : कुठे गेलं, की तिथल्या ओळखीच्या माणसाला आवर्जून भेटणं. महालात माझं येणं असतंच. ‘आय शॅल लुक यू अप’ असा माझा निरोप नातीला द्या, आणि ‘यू’ मधे का बसला ते तिलाच विचारा.