विंका मायनर: बर्फाखालीही हिरवी राहणारी वेल

कडाक्याच्या थंडीतही जमीन हिरवी ठेवणाऱ्या विंका मायनरविषयी आलेल्या प्रश्नांतले काही निवडक प्रश्न.

प्रश्न: ‘विंका’ लिहिलेलं बियाणं पेरलं. झाडं उत्तम आली, फुलली आणि पहिल्याच गोठवणाऱ्या रात्री काळी पडली. ही तर बर्फात टिकते ना?

टिकते ती दुसरी. तुमच्या पाकिटात सदाफुली होती. सदाफुलीचं जुनं शास्त्रीय नाव विंका रोझिया. पुढे तिचं नाव कॅथरँथस रोझियस झालं, पण बियाणेवाल्यांनी जुनं नाव काही सोडलं नाही. ती मादागास्करची, उन्हाची पोर; पाणी गोठेल अशी थंडी तिला एक रात्रही झेपत नाही. विंका मायनर मूळची युरोपातली. कुळ दोघींचं एकच, कण्हेरीचं, पण स्वभाव अगदी वेगळा. नीट रुजलेली विंका मायनर उणे ३० अंशांपर्यंत तग धरते.

ओळखायला सोपी आहे. सदाफुली उभी वाढते, ही जमिनीवर सरपटते. काड्या तारेसारख्या बारीक, पानं समोरासमोर जोडीने, २ ते ४ सेंटिमीटर लांब, गडद आणि चकचकीत. जांभळट निळ्या फुलाच्या पाचही पाकळ्यांची टोकं तिरपी कापल्यासारखी असतात, त्यामुळे फूल पंख्याच्या पात्यांसारखं एका अंगाला फिरल्यागत दिसतं. ही बागेत बी फारसं धरत नाही. त्यामुळे पाकिटाच्या नादी लागू नका. रोप किंवा छाटकलमच आणा.

रोप घेताना एक पान उजेडासमोर धरा. कडेला बारीक लव दिसली तर ती विंका मेजर, म्हणजे मोठी बहीण. तिची पानं मोठी असतात आणि पसाराही मोठा, पण एवढी थंडी ती सोसत नाही.

प्रश्न: मोठ्या पानगळीच्या झाडाखाली १२ चौरस मीटर जागा उघडी आहे, गवत धरत नाही. किती रोपं लागतील आणि कशी लावायची?

दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवलं तर चौरस मीटरला ११, म्हणजे साधारण १३० रोपं. २० सेंटिमीटरवर लावली तर चौरस मीटरला २५, म्हणजे तब्बल ३००. दाट लावलेली जागा दुसऱ्या वर्षी झाकली जाते, विरळ लावलेलीला दोन ते तीन वर्षं लागतात. आमचं मत विरळ लावण्याच्या बाजूने आहे. वाढलेल्या काड्या मोकळ्या जागेत ओढून वाकवलेल्या तारेने पेरापाशी जमिनीला टेकवून ठेवल्या की प्रत्येक पेराला मुळं फुटतात. हे फुकटचं दाबकलम आहे, त्यासाठी दुप्पट रोपं कशाला आणायची?

लावणी वसंताच्या सुरुवातीला करा, किंवा शरदात जमीन गोठायच्या निदान ६ आठवडे आधी. त्याहून उशीर झाला तर मुळं धरायला वेळ मिळत नाही आणि गोठण-वितळणीत रोपं अक्षरशः वर उचकटून येतात.

त्याआधी जागेतलं बारमाही तण मुळासकट काढा. या कामात घाई केली की पुढे त्रास होतो, कारण धावत्या मुळांचं गवत एकदा वेलीच्या जाळ्यात घुसलं की वेल न उपटता ते निघत नाही. मात्र झाडाखाली कुदळ चालवू नका. झाडाची अन्न शोषणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात. खुरप्याने जाड मुळांच्या मधल्या फटी शोधायच्या, १० ते १२ सेंटिमीटर खोल खड्डे घ्यायचे आणि प्रत्येकात मूठभर चाळलेलं कंपोस्ट मातीत मिसळायचं. जागा सपाट दिसावी म्हणून मुळांवर ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त माती पसरू नका, आणि बुंध्याला तर मुळीच चढवू नका.

कुंडीत गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा. रोप कुंडीत होतं त्याच खोलीवर लावा. लांब काड्या १५ सेंटिमीटरवर छाटा, म्हणजे बुडातून फुटवे येतात. छाटलेल्या तुकड्यांची कलमं होतात. ओळी तिरप्या घ्या: वरच्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध खालच्या ओळीतलं एक. मधल्या जागेत ४ ते ५ सेंटिमीटर चुरलेल्या पानांचं आच्छादन घाला, पण रोपाच्या गळ्याशी नको.

पहिला हंगामभर पाऊस नसेल तर आठवड्यातून दोनदा पाणी द्या. बोट खुपसून पाहा, ओल १० सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. झाड स्वतःच पाणी ओढून घेत असतं, म्हणून वरवर शिंपडण्याचा उपयोग नाही. पहिल्या वर्षी वेल हलत नाही असं वाटेल. वाटू द्या, खाली मुळं वाढत असतात.

प्रश्न: तीन वर्षं सुंदर असलेल्या गालिच्यात वसंतात तपकिरी चट्टे पडले आणि ते वाढताहेत. थंडीने की रोग?

खाली बसून एक काडी हातात घ्या, उत्तर तिथेच मिळेल.

फक्त वरची पानं कडेने करपलीत आणि नखाने खरवडल्यावर काडी आतून हिरवी आहे, तर तो थंडीचा मार. जमीन गोठलेली असताना मुळांना पाणी मिळत नाही आणि ऊन-वारा मात्र पानांतली ओल काढून घेतो. बर्फाखाली झाकलेला भाग वाचतो आणि उघडा पडलेला करपतो, हीच त्याची खूण. करपलेलं छाटा, नवी पालवी येईल.

काडी जमिनीलगत किंवा पेरापाशी काळपट झाली आहे, तिच्यावर टाचणीच्या टोकाहून बारीक काळे ठिपके आहेत आणि अख्खा धुमारा कोमेजलाय, तर तो फोमा बुरशीचा करपा. गार, ओल्या वसंतात तो झपाट्याने पसरतो. आणि धुमारा ओढताच अलगद हातात आला, मुळं तपकिरी लिबलिबीत असली, तर ती मूळकूज. तिचं कारण जवळजवळ नेहमी साचणारं पाणी असतं.

करप्यावर इलाज एकच, कठोर आणि लगेच करायचा. कोरड्या दिवशी चट्टा जमिनीपर्यंत कापा, भोवतीचा १५ सेंटिमीटर निरोगी पट्टाही सोबत घ्या. कापलेलं कंपोस्टात टाकू नका. कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा, नाहीतर तुम्हीच रोग पुढच्या वाफ्यात न्याल. संध्याकाळचा फवारा बंद करा. पाणी सकाळी आणि बुडाशी. गळलेली पानं दाट जाळ्यात अडकून ओल धरतात, ती शरदात हलक्या हाताने ओढून काढा. बुरशीनाशक नव्या पालवीचं रक्षण करतं, काळी पडलेली काडी जिवंत करत नाही. मूळकुजीच्या जागी निचरा सुधारल्याशिवाय पुन्हा रोप लावलं तर तेही जाणार.

प्रश्न: वेल दाट आहे, पण फुलं अगदी तुरळक.

एक तर सावली फार गर्द आहे, नाहीतर नत्र जास्त झालं आहे. शेजारच्या हिरवळीला दिलेलं खत इथे वाहून येत नाही ना, ते आधी पाहा. तीनचार वर्षांत एकदा बहर ओसरल्यावर सगळी वेल ८ सेंटिमीटरवर कापली की कोवळे फुटवे येतात आणि पुढच्या वसंतात फरक दिसतो. मोठी फुलं हवी असतील तर ‘ला ग्रेव्ह’ हा वाण घ्या.

प्रश्न: हिच्यातून कंदांची फुलं काढता येतील का?

डॅफोडिल उत्तम. कंद १५ सेंटिमीटर खोल लावा, शक्यतो वेलीच्या आधी. क्रोकससारखी बुटकी फुलं पानांतच हरवतात. डॅफोडिलची पिवळी पडणारी पानं वेल झाकून टाकते, हा खरा फायदा.

प्रश्न: घसरणाऱ्या उतारावर चालेल?

वरची माती पावसाने वाहून जाते एवढंच असेल, तर चालेल. आधी तागाची जाळी पसरून खुंट्यांनी घट्ट करा आणि जाळीला छेद देऊन रोपं लावा. अख्खा उतारच खचत असेल तर एवढ्या उथळ मुळांकडून अपेक्षा ठेवू नका. तिथे खोल मुळांची झुडपं किंवा भिंतच लागते.

प्रश्न: ही आवरत नाही असं ऐकलंय. कुठे लावू नये? आणि काढायची झाली तर?

बरोबर ऐकलंय. पेरापेराला रुजणं हाच हिचा गुण आणि हीच हिची खोड. उत्तर अमेरिकेच्या काही भागांत ती बागांतून जंगलात शिरली आणि तिथल्या रानफुलांना तिने जागा ठेवली नाही. रान किंवा ओढ्याचा काठ लागून असेल तर लावूच नका. नाजूक, बुटक्या फुलझाडांच्या वाफ्यातही नको. आणखी एक: हिचे सगळे भाग पोटात गेल्यास विषारी, त्यामुळे पानं तोंडात घालणारं लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर जागा विचार करून निवडा.

पसरते ती मुख्यतः जमिनीवरून, म्हणून खोल पत्रा पुरण्यात अर्थ नाही, आणि बुटकी कड ती सहज ओलांडते. वाफ्याभोवती ३० सेंटिमीटरचा उघडा पट्टा ठेवा आणि वर्षातून दोनदा त्यात आलेल्या काड्या कापा.

काढायची तर पावसानंतर, माती मऊ असताना. आधी वरचा पसारा छाटा, मग काटेरी फावड्याने जाळं सैल करून काड्या पेरांसकट उचला. निघाल्यावर मातीवर पसरून ठेवू नका, ओलीत त्या पुन्हा रुजतात. जागा मोठी असेल तर छाटून त्यावर जाड काळं प्लास्टिक वाढीचा पूर्ण हंगाम दाबून ठेवा. झाडाखाली मात्र प्लास्टिक नको, तिथे हातानेच काढा. तणनाशक मेणचट पानांवरून ओघळून जातं, म्हणून नुसत्या एका फवारणीवर विसंबू नका. पुढची दोन वर्षं दर वसंतात जागा न्याहाळा. चकचकीत पानांची जोडी वर आलेली दिसली की समजा, खाली एक पेर राहिलंय.