पंधरा वर्षांचा दम

"फॉर्मवर आजार लिहिला तर पॉलिसी मिळत नाही, लपवला तर क्लेम मिळत नाही. मग आमच्यासारख्यानं करायचं काय, मॅडम?"

लातूरला छातीविकाराच्या ओपीडीला लागून माझी छोटी खोली आहे. पेशंटला आजार आणि विम्याचे कागद मी तिथं समजावून सांगते. तिथं हा प्रश्न या ना त्या शब्दांत आठवड्यातून दोनदा तरी येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो एका तिशीतल्या पोरानं विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) हातात विमा कंपनीचं पत्र, आवाज चढलेला. मागं त्याची आई. खुर्चीच्या कडेवर पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसलेली. असं बसलेलं माणूस दिसलं की आमच्याकडं फाईल उघडायच्या आधीच अंदाज येतो. श्वास बाहेर टाकायलाही ज्याला जोर लावावा लागतो, तो असाच बसतो.

जानेवारीच्या थंडीत रात्री दोन वाजता मावशींना, म्हणजे त्याच्या आईला, अचानक दम लागला. जवळ जो खाजगी दवाखाना होता तिथं नेलं, रक्तातला ऑक्सिजन ८४ टक्क्यांवर आलेला. सहा दिवस मुक्काम, बिल १ लाख १८ हजार. पॉलिसी फेब्रुवारी २०२२ पासूनची, एकही हप्ता चुकलेला नाही. आणि पत्रात लिहिलेलं : डिस्चार्ज कार्डानुसार रुग्णास १५ वर्षांपासून सीओपीडी, पॉलिसीपूर्व आजार, प्रतीक्षा काळ पूर्ण नाही, दावा नामंजूर. सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार, आणि प्रतीक्षा काळ म्हणजे आधीच्या आजाराचा खर्च मिळायला लागण्याआधी थांबायचा काळ.

"मायनंच सांगितलं डॉक्टरला, पंधरा वर्षं म्हणून. कामून सांगायचं?"

"इचारलं म्हून सांगितलं," मावशी म्हणाल्या आणि मान खाली घातली.

मी त्याला चहा घेऊन यायला बाहेर पाठवलं. पत्र कुठं पळून जात नव्हतं. या घरात तीन आठवडे काय बोललं गेलं असेल, ते त्या खाली गेलेल्या मानेत दिसत होतं.

"पंप घेताय ना, मावशी?"

"घेते की." पिशवीतून त्यांनी पंप काढला, पावडरच्या कॅप्सूलचा. सोबत एक स्टीलची डबी निघाली, तपकिरीच्या डबीएवढी. उघडली तर आत वापरलेल्या, टोचे पडलेल्या कॅप्सूल, तीस-चाळीस तरी असतील. मी विचारलं, हे काय? तर म्हणाल्या, "थोडी भुकटी ऱ्हाती की बाई त्यात. एक नवी घेते, मंग दोन दिवस ह्याच फिरवते. लई महाग हाय."

बिलाचे पैसे आपल्यामुळं बुडाले, तर भरपाई आपल्याच श्वासातून करायची. हिशोब त्यांनी गुपचूप चालू केला होता. त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन त्या दिवशीही ८९ वरच का, याचं उत्तर त्या डबीत होतं.

म्हणून आधी आजाराबद्दल बोललो. पोरगा चहा घेऊन आला तसा त्यालाही बसवलं. कारण 'माय कधी बिडी नाही प्याली, मग हे आलं कुठून' हा त्याचा दुसरा राग होता. सीओपीडी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं बिडी-सिगारेट येते. आपल्याकडच्या बायकांना मात्र तो बऱ्याचदा चुलीनं दिलेला असतो. मावशींनी लग्नापासून तुराट्या आणि गोवऱ्यांवर स्वयंपाक केला, तोही खिडकी नसलेल्या खोलीत. गॅस आला, पण त्याच्यावर चहा. भाकरी चुलीचीच लागते.

वर्षानुवर्षं धूर गेला की श्वासनळ्या आतून सुजतात, अरुंद होतात, आणि फुफ्फुसातल्या बारीक फुग्यांचा ताण जातो. हवा आत जाते, पूर्ण बाहेर येत नाही. शिळी हवा साठून राहते, नव्या हवेला जागा उरत नाही. मी हे सांगत होते तर मावशीच म्हणाल्या, "फुंकणीत काजळी धरल्यावानी." यापेक्षा चांगलं मला आजवर सांगता आलेलं नाही.

फरक एवढाच, की फुंकणी तारेनं साफ होते, फुफ्फुस होत नाही. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळता येतं. दमा आणि हा आजार वेगळा. फुंकायच्या तपासणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, औषध देऊन पुन्हा फुंकायला लावतात. दम्यात नळ्या बऱ्यापैकी मोकळ्या होतात. इथं पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांच्या खालीच राहते. मावशींची ५८ होती. पंपाची सवय लागते हा समज खोटा. उलट पंप सोडला की असे रात्री दोनचे झटके येतात, आणि प्रत्येक झटक्यात फुफ्फुस थोडं आणखी गमावतं. एक कॅप्सूल एकदाच, नंतर ती कचऱ्यात. दम सोडताना ओठ शीळ घातल्यासारखे बारीक करून, समोर समई आहे असं समजून फुंकायचं : ज्योत हलावी, विझू नये. हे त्यांनी दुसऱ्याच खेपेला जमवलं. चाळीस वर्षं चूल फुंकलेली बाई ती.

डबी मी ठेवून घेतली. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

मग पत्राकडं वळलो. "पंधरा वर्षं म्हणजे कधीपासून, मावशी?"

"लई दिस झाले."

"काय आठवतंय तव्हाचं?"

खूप वेळ विचार करून म्हणाल्या, "लातूरला रेल्वेनं पाणी आलं बगा, त्या उन्हाळ्यात. घागर घिऊन जिना चढताना पयल्यांदा दम लागला."

मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली एप्रिल २०१६ मध्ये. म्हणजे दाखल होताना नऊ वर्षंही झालेली नव्हती. त्यांच्या बोलण्यात 'पंधरा वर्षं' म्हणजे 'पुष्कळ'. रात्री दोन वाजता, धापा टाकणाऱ्या बाईला, पाच पेशंट अंगावर असलेल्या शिकाऊ डॉक्टरनं विचारलं, ती म्हणाली पंधरा, त्यानं लिहिलं पंधरा. शिवाय 'दम लागतो' असं सांगितलेलं कागदावर 'सीओपीडी' झालं. दोष कुणाला द्यायचा? मी तरी त्या शिकाऊ डॉक्टरला देत नाही.

खरी मेख मात्र दुसऱ्याच ठिकाणी होती. विम्याच्या नियमात 'आधीचा आजार' म्हणजे आधीपासून दम लागणं नव्हे. पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ठरावीक काळात (पूर्वी चार वर्षं, २०२४ पासून तीन) डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यावर डॉक्टरी सल्ला-उपचार घेतला तो आजार. मावशींची पहिली फुंकायची तपासणी केव्हाची? "धोंड्याच्या महिन्यात. लेक-जावई आलते वाणाला." रिपोर्ट गादीखाली सापडला : ४ ऑगस्ट २०२३. पॉलिसीनंतर दीड वर्षानं.

त्याआधी कुणा डॉक्टरकडं? बराच वेळ नाही-नाही म्हणून शेवटी निघालं, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गावातल्या डॉक्टरकडं तीन दिवस सुया घेतल्या. पोरगा लगेच म्हणाला, "हे राहू द्या, मॅडम." मी म्हटलं, नाही, हेही जोडू. चिठ्ठी आणली तर तीवर ताप आणि खोकला, एवढंच. लपवली असती आणि कंपनीच्या माणसानं गावात जाऊन काढली असती, तर तीच चिठ्ठी गळ्याशी आली असती.

पोराचं आणखी एक म्हणणं होतं : डॉक्टरांना सांगून डिस्चार्ज कार्डावरचे १५ खोडून २ करून घ्यावेत. ही विनंती माझ्याकडं सर्रास येते. तसं करू नका. दवाखान्याच्या आतल्या केसपेपरवर पहिला आकडा तसाच असतो, कंपनी तो मागवते, आणि मग खरी माणसंही लबाड ठरतात. त्याऐवजी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं वेगळं पत्र घ्यावं. त्यांनी दिलं : रुग्णाच्या सांगण्यानुसार त्रास बऱ्याच वर्षांचा, वर्षांचा आकडा अंदाजे, निदान प्रथम ४/८/२०२३ रोजी स्पायरोमेट्रीनं. सगळं खरं होतं, म्हणून कुणाला घाम फुटला नाही.

प्रस्तावाचा, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेला फॉर्मही मागवला. एजंटनं मावशींना न विचारताच सगळीकडं 'नाही' भरलेलं. नशीब, त्या फॉर्मवर प्रश्न निदानाचा आणि चालू उपचारांचा होता, त्याचं उत्तर तेव्हा 'नाही'च होतं. काही फॉर्मवर 'खोकला, धाप असा त्रास होतो का' असंही विचारलेलं असतं. तसा प्रश्न असता तर आमची बाजू लंगडी पडली असती, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलं. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच हे : आजार लिहा. हप्ता वाढेल, क्वचित नाकारतीलही. पण स्वीकारला तर त्या आजारासाठी थांबायचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला 'तुम्ही सांगितलं नव्हतं' म्हणता येत नाही. २०२४ पासून नवी पॉलिसी घ्यायला असलेली वयाची पासष्टीची अटही उठली आहे. फॉर्म मात्र स्वतः भरा, आईला शेजारी बसवून.

रागाच्या भरात पोरगा पॉलिसी सोडायला निघाला होता. तिची मुदत त्याच महिन्यात संपत होती. ती सोडली असती तर सगळा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला गेला असता. कंपनी बदलायचीच असेल तर मुदतीच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज करावा, झालेला काळ सोबत येतो. त्याला ते दिवस उरले नव्हते. हप्ता भरायला लावला.

तक्रार आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडं पाठवली. महिन्याभरात निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर विमा लोकपाल, आपल्याला पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, नकारापासून वर्षभरात जावं लागतं. अर्ज तयार करून ठेवला होता, पण लागला नाही. मार्चअखेर पैसे जमा झाले, १ लाख ९ हजार. हातमोजे, मास्क, वाफेचं किट असलं काहीबाही कापलेलं. त्यावर मी भांडू नको म्हटलं, ते बहुतेक पॉलिसींत मिळतच नाही.

महिन्याचा पंपाचा खर्चही बहुतेक पॉलिसींत बसत नाही, कारण त्या दाखल झालेल्या माणसाचा खर्च देतात. दाखल होण्याआधीचे महिनाभराचे आणि नंतरचे दोन महिन्यांचे औषधखर्च अनेक पॉलिसींत मिळतात, ती बिलं लोक फेकून देतात. मावशींची पंपाची दोन बिलं तशीच वसूल झाली.

ज्यांच्याकडं पॉलिसीच नाही त्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण दवाखाना यादीतला हवा. मावशींचा नव्हता, तिथं पोचल्यावर इलाज नव्हता. आपल्या जवळचा यादीतला दवाखाना कोणता, हे दम लागायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनीसाला, विचारून ठेवा. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न बघता सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं.

जूनमध्ये मायलेक पुन्हा आले. नवी डॉक्टर केसपेपर लिहीत होती. विचारलं, "किती वर्षांपासून त्रास आहे, आजी?"

मावशींनी पिशवीतून प्लास्टिकची फाईल काढली. "दम रेल्वेचं पाणी आलं तव्हापासून. आजार सापडला धोंड्याच्या महिन्यात."

डॉक्टर मुंबईची होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी पोराकडं. "एप्रिल २०१६," तो म्हणाला, "आणि ४ ऑगस्ट २०२३. दोन्ही वेगवेगळं लिहा, मॅडम."