वाचकांचे प्रश्न : ‘नोटा’ दाबून काय साधते?

प्रश्न : आमच्या मतदारसंघातील एकही उमेदवार मला पसंत नाही. ‘नोटा’ला (‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला) सर्वाधिक मते मिळाली तर निवडणूक रद्द होते का?

उत्तर : लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीत तसे होत नाही. ‘नोटा’ची मते वैध मतांत धरली जात नसल्यामुळे ती कितीही पडली तरी उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मते असतील तोच विजयी ठरतो, अनामत रकमेच्या हिशेबातही ती येत नाहीत. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर होता, तर २०२४ मध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतल्यानंतर इंदूरमध्ये दोन लाखांहून अधिक मतदारांनी तो पर्याय निवडला. निकाल मात्र दोन्हीकडे बदलला नाही.

पूर्वी मत नाकारणाऱ्याची नोंद मतदान केंद्रावरील वहीत होत असे, म्हणजे नाराजी उघड करूनच घरी जावे लागे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा पर्याय यंत्रावर देण्याचा आदेश दिला, तो मुख्यतः ही गुप्तता राखण्यासाठी. आमच्या मते त्याचे खरे मोल तेवढेच आहे.

महानगरपालिका-नगरपालिकांची गोष्ट वेगळी आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार तेथे ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घ्यावी लागते, मात्र फेरनिवडणुकीतही तसेच घडले, तर उमेदवारांतील आघाडीचा उमेदवार निवडून आल्याचे जाहीर होते. शिवाय नाकारलेल्या उमेदवारांना पुन्हा उभे राहण्यास मज्जाव नाही, ही या आदेशातील मोठीच पळवाट म्हणावी लागेल.